पब्लिक की-सर्व्हर चालवताना कायद्याची भानगड: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कुडाळ-मालवण-कणकवली पट्ट्यातले सहा जण, सगळे लिनक्सवाले, दिवसा आपापली कामं आणि रात्री हा उद्योग. आधी जुन्या पद्धतीचा की-सर्व्हर, म्हणजे गुप्त मेलसाठी लागणाऱ्या चाव्यांची सगळ्यांना शोधता येणारी डिरेक्टरी, चालवला, मग तो बंद करून नव्या पद्धतीचा सुरू केला, आणि या सगळ्यात लोकांनी तेच तेच प्रश्न इतक्या वेळा विचारले की शेवटी म्हटलं एकदा लिहून टाकू. आम्ही वकील नाही. एक वकील मैत्रीण आहे, तिने हे वाचून दोन ठिकाणी शिव्या घातल्या, त्या जागा दुरुस्त केल्यात.

एक आधीच सांगतो, मराठीत ‘की’ लिहिलं की कुठली की हेच कळत नाही, म्हणून खाली सगळीकडे चावी म्हणतोय.

या डिरेक्टरीत नेमकं असतं काय?

पीजीपी, म्हणजे मेल कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांच्या पब्लिक चाव्या. १९९१ मध्ये फिल झिमरमनने पीजीपी काढलं तेव्हापासूनची ही पद्धत: प्रत्येकाकडे दोन चाव्या, एक जगाला वाटायची, एक स्वतःकडे लपवायची. जगाला वाटायची ती आमच्याकडे. कोणाला तुम्हाला गुप्त मेल पाठवायचा असेल तर तो आमच्याकडे तुमचा ईमेल टाकून शोधतो, चावी घेतो, मेल बंद करून पाठवतो, तो फक्त तुम्हीच उघडू शकता.

पण चावी म्हणजे नुसते आकडे नसतात, त्याला चिकटून नाव असतं, ईमेल असतो, काही जणांनी फोटो लावलेला असतो, आणि ‘हा माणूस मी ओळखतो’ म्हणून इतरांनी केलेल्या सह्या असतात. कायद्याचं सगळं लफडं या चिकटलेल्या गोष्टींचं आहे, आकड्यांना कोण विचारतो.

भारतात एन्क्रिप्शनला बंदी आहे ना? तुम्हाला पकडतील.

नाही हो. हे काका लोक फार विचारतात. आयटी कायदा २००० च्या कलम ८४ए मध्ये सरकार एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवून देऊ शकतं असं आहे. २०१५ च्या सप्टेंबरात त्यासाठी एका धोरणाचा मसुदा आला होता, त्यात लोकांनी आपल्या मेसेजचा साधा मजकूर ९० दिवस जपून ठेवावा असलं काहीतरी होतं, इतकी बोंब झाली की तो लगेच मागे घेतला. चाव्यांची यादी लावायला बंदी करणारा कायदा नाही.

निर्यातीचंही विचारतात, कारण झिमरमनच्या मागे अमेरिकेत १९९३ ते १९९६ एन्क्रिप्शन ‘निर्यात’ केल्याची चौकशी लागली होती. ती प्रोग्रामबद्दल होती. एखाद्याची पब्लिक चावी म्हणजे प्रोग्राम नाही, एक आकडा आणि पत्ता.

मग भीती कसली?

काढून टाकता न येण्याची. हे जरा सविस्तर सांगतो कारण आमचा पहिला सर्व्हर याच्यातच बुडाला.

जुलै महिना, बाहेर धो धो, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर राउटर आणि एक लॅपटॉप. एका बाईंचा मेल आला. त्यांनी २००९ मध्ये कॉलेजात असताना चावी बनवून टाकली होती, तिच्यावर लग्नाआधीचं नाव, तेव्हाचा ईमेल आणि चार मित्रांच्या सह्या. आता त्या एका माणसापासून लांब येऊन राहिल्यात आणि तो त्यांना जुन्या नावाने शोधत असतो, आणि नाव सर्च केलं की आमचा सर्व्हर वर दिसतो. मेल अगदी साधा होता, रागावलेला नाही काही नाही, ‘दादा एवढं काढाल का’. प्रायव्हेट चावी कधीच हरवली होती म्हणून चावी रिव्होक (रद्द) पण करता येत नव्हती. रात्री अकराला डेटाबेसमधून काढली, ‘ताई, काढली’ म्हणून उत्तर दिलं आणि झोपलो. सकाळी सातला चहा घेता घेता सहज बघतो तर चावी परत हजर. नाव, ईमेल, चारही सह्या, सगळं जसंच्या तसं.

असं परत कसं काय येतं?

कारण जुने सर्व्हर एकमेकांशी सतत बोलत असतात. इंग्रजीत या प्रकाराला गॉसिप म्हणतात, आपल्याकडे त्याला गजाली (गप्पा) हा नेमका शब्द आहे. एका सर्व्हरवर चावी आली की तो शेजाऱ्याला सांगतो, शेजारी पुढच्याला, आणि थोड्या वेळात जगभर पसरते. एसकेएस नावाचं सॉफ्टवेअर असंच होतं, नंतरचं हॉकीपकही तीच भाषा बोलतं. आपल्याकडे एखादी चावी कमी दिसली की शेजाऱ्याला वाटतं याच्याकडे पोचली नाही वाटतं, आणि तो प्रेमाने परत देतो. वाडीत एकदा बोललेलं परत घेता येतं का, तसंच.

हे मुद्दाम केलेलं होतं हे पण सांगायला पाहिजे. ९० च्या दशकात भीती ही होती की उद्या सरकारने दडपण आणून कोणाची चावी गायब केली तर? म्हणून काढण्याची सोयच ठेवली नाही, फक्त भर घालायची. सातबाऱ्यावर जुनं नाव खोडत नाहीत, कंस करतात आणि फेरफार नंबर टाकतात, तसं इथे चावी रद्द केली तरी ‘रद्द’ असा शिक्का बसतो, नाव वाचता येतंच. जमिनीला ते ठीक आहे, ताईंना नाही.

आम्ही शेवटी ती चावी आमच्या कॉन्फिगमध्ये ब्लॅकलिस्ट केली. आमच्याकडून गेली. बाकीच्या सर्व्हरवाल्यांना मेल टाकले, दोघांनी उत्तर दिलं, एकाने काढली. त्या ताईंना हे खरं खरं कळवताना जे वाटलं त्यानंतरच आम्ही ठरवलं की हे असं चालवायचं नाही.

युरोपचा जीडीपीआर कोकणात कशाला लागेल?

जीडीपीआर म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपायचा युरोपचा कायदा. युरोपातल्या लोकांना तुम्ही सेवा देत असाल तर तुम्ही कुठेही बसा, तो कायदा लागू होतो असं त्याचंच कलम ३ म्हणतं. आता मालवणातल्या सहा जणांवर कोणी युरोपातून येऊन दंड लावेल का, तर व्यवहारात कठीण. पण आमचा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) जर्मनीत होता, स्वस्त मिळतो म्हणून, त्यामुळे तक्रार आमच्याऐवजी थेट होस्टिंगवाल्याकडे जायची आणि तो आमचं म्हणणं ऐकायच्या आधी ‘२४ तासांत उत्तर द्या नाहीतर मशीन बंद’ असा मेल टाकायचा.

२५ मे २०१८ पासून हा कायदा लागू आहे आणि त्यातल्या कलम १७ प्रमाणे माणूस आपली माहिती पुसा म्हणू शकतो. जास्तीत जास्त दंड २ कोटी युरो किंवा वर्षाच्या उलाढालीच्या ४ टक्के, जे मोठं असेल ते. पुसायच्या हक्काला अपवाद आहेत, पण ‘आमच्या सॉफ्टवेअरला जमत नाही’ हा त्यात नाही. शेवटी २०२१ च्या जूनमध्ये एसकेएस सर्व्हरांचा जो मोठा पूल होता, ज्याचा पत्ता अर्ध्या जगाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेला असायचा, तो बंद झाला, आणि चालवणाऱ्याने कारण हेच दिलं की जीडीपीआरखाली माहिती काढायच्या विनंत्या थांबत नाहीत.

पण आम्ही हौशी, पैसे घेत नाही. घरगुती वापर धरत नाहीत?

स्वीडनमध्ये बोडिल लिंडक्विस्ट म्हणून एक बाई होत्या, चर्चमध्ये स्वयंसेवक. त्यांनी स्वतःच्या वेबपेजवर चर्चमधल्या सहकाऱ्यांची नावं, फोन नंबर, एकीचा पाय दुखावलाय असलं काहीबाही लिहिलं. पैशाचा संबंध नाही. २००३ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं की ते घरगुती राहत नाही. तो निकाल जीडीपीआरच्या आधीच्या कायद्यावरचा आहे पण घरगुतीची सूट नव्या कायद्यातही तशीच आलीय. जगभरातल्या पन्नास लाखांहून जास्त चाव्या मिरवणारा सर्व्हर घरगुती म्हणायला आमची वकील मैत्रीण पण तयार नाही, आणि ती आमच्या बाजूची आहे.

आपला डीपीडीपी कायदा काय म्हणतो?

डीपीडीपी म्हणजे लोकांची डिजिटल माहिती जपायचा आपला कायदा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांत १८ महिन्यांची मुदत दिली. म्हणजे तयारी आत्ता करायची.

त्यात एक गंमत आहे. कलम ३ म्हणतं की माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही, आणि उदाहरण पण दिलंय, एखादीने ब्लॉग लिहिताना सोशल मीडियावर स्वतःची माहिती टाकली असं. हे वाचून आमच्यातला एक जण नाचायलाच लागला, म्हणे सुटलो, चाव्या लोकांनी स्वतःच टाकल्यात. पण नीट बघा, जुन्या सर्व्हरवर कोणीही कोणाचीही चावी टाकू शकतं. तुमच्या मित्राने तुम्हाला न विचारता तुमची चावी ‘सोय म्हणून’ चढवली तर ती तुम्ही स्वतः जाहीर केली असं कसं म्हणणार? आणि टाकणारा कोण होता याची नोंदच नसेल तर सिद्ध काय करणार? सूट आहे, पण पुरावा दाखवल्याशिवाय ती कामाची नाही.

बाकी महत्त्वाचं म्हणजे संमती द्यायला जितकं सोपं तितकंच ती मागे घ्यायला सोपं असलं पाहिजे, आणि संमती गेली की माहिती पुसायची. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, आमच्या सहा जणांची घरं, कलमं, होड्या, सगळं विकलं तरी व्याज निघायचं नाही. एवढा कोणी लावणार नाही हे माहितीय, दंड बघताना चुकीचं स्वरूप वगैरे बघायचं कायद्यातच आहे, तरी आकडा वाचून पोटात गोळा येतोच.

कोणी माझ्या नावाने खोटी चावी टाकली तर?

होतं असं, आणि मोठ्या लोकांचंही होतं. २०१६ मध्ये लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉर्वाल्ड्सच्या नावाच्या खोट्या चाव्या सर्व्हरवर सापडल्या, त्यांचा शेवटचा आठ अक्षरांचा आयडी खऱ्या चावीशी तंतोतंत जुळणारा. म्हणून छोटा आयडी बघून विश्वास ठेवू नका, पूर्ण फिंगरप्रिंट, म्हणजे चावीचा लांबलचक ओळख-आकडा, फोनवर वाचून जुळवा.

कायद्याने बघाल तर टाकणाऱ्यावर आयटी कायद्याचं ६६सी (ओळख चोरी) किंवा सोंग घेऊन फसवणूक झाली असेल तर ६६डी लागू शकतं. डीपीडीपीत तर माहिती देताना दुसऱ्याचं सोंग घेऊ नये हे नागरिकाचंच कर्तव्य म्हणून लिहिलंय आणि मोडलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड. सर्व्हर चालवणाऱ्याचं काय? त्याने ईमेल तपासूनच नाव दाखवलं असेल तर त्याला बोलायला तोंड राहतं. काहीच न तपासता लावलं आणि तक्रार आल्यावरही ठेवलं तर मग अवघड आहे.

चावीत लपवून कोणी घाणेरडं काही टाकलं तर?

हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा कोणी विचारला तेव्हा हसलो होतो. मग कळलं की चावीला फोटो लावायची सोय आहे, म्हणजे कुठलाही फोटो, आणि २०१८ मध्ये तर एकाने की-सर्व्हरांचा वापर फाइल साठवायला करून दाखवला होता. आता विचार करा, लहान मुलांचं काही भयंकर चित्र कोणी घातलं, जगभर गजालीतून पसरलं, ते तुमच्या डिस्कवर, आणि तुम्हाला काढता येत नाही. असल्या चित्रांसाठीचं आयटी कायद्याचं ६७बी कलम जामिनाच्या गोष्टी करत बसत नाही.

त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये मधल्या माणसाला, म्हणजे इंटरमिजिअरीला, संरक्षण आहे, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी तुम्हाला धरत नाहीत. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मजकूर काढायची जबाबदारी कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर येते, कोणाच्याही फोनवर नाही. पण आदेश आल्यावर ठराविक वेळेत काढावंच लागतं. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पत्ता साइटवर लावायचा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची. या मुदती बदलत असतात, ताजे नियम छापून भिंतीला लावा. इथेही फिरून गाडी तिथेच येते, आदेश आला आणि सर्व्हरने रात्रीत परत आणलं तर ७९ चं छत्र तुमच्या डोक्यावरून गेलं.

आम्ही फोटो घेणंच बंद केलंय.

सह्यांचं काय एवढं? त्या तर चांगल्या असतात ना.

विश्वासाला चांगल्या, प्रायव्हसीला नाही. अमुक तारखेला अमुक माणसाने तमुकाची चावी सही केली म्हणजे ते दोघं बहुतेक समोरासमोर भेटले होते, हे कायमचं जाहीर. आणि सही कोणीही कोणाच्याही चावीवर करू शकतो. २०१९ च्या जूनमध्ये दोन नावाजलेल्या लोकांच्या चाव्यांवर कोणीतरी दीड लाखाच्या आसपास कचरा सह्या मारल्या, ती चावी खेचली की ग्नूपीजी (पीजीपी पद्धतीचं फुकट सॉफ्टवेअर) अडकून बसायचं. काढता तर येत नव्हत्याच. त्यानंतर ग्नूपीजीने की-सर्व्हरवरून येणाऱ्या इतरांच्या सह्या घेणंच आपोआप बंद केलं. म्हणजे ज्या सह्यांसाठी कायद्याचा धोका पत्करायचा त्या समोरचा वापरतही नाही. आम्ही ठेवत नाही.

पोलीस आले आणि म्हणाले मेल उघडून दाखवा, तर?

उघडता येत नाही, कारण प्रायव्हेट चावी आमच्याकडे नसतेच आणि मेल पण आमच्याकडून जात नाही. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली डिक्रिप्ट करायला (कुलूप उघडायला) मदत करा असा आदेश निघू शकतो, न ऐकल्यास ७ वर्षांपर्यंत कैद आहे, पण जे हातात नाही ते देणार कुठून. नम्रपणे लेखी तसं कळवायचं.

त्यांना खरं उपयोगी असतं ते वेगळंच, कोणी कोणाची चावी शोधली. अमुक आयपीवरून अमुक पत्रकाराची चावी मागितली, ही ओळ चावीपेक्षा शंभरपट नाजूक आहे. यासाठी ६९ पण लागत नाही, नव्या बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ९४ ची साधी नोटीस येऊ शकते. मग लॉगच ठेवू नयेत का? तर सर्ट-इनचे, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश म्हणतात लॉग १८० दिवस ठेवा आणि सायबर घटना ६ तासांत कळवा. या दोन्हीत आमची बरीच भांडणं झाली, एकदा तर वडापाव थंड झाले. शेवटी लॉग ठेवतो, पण शोधलेला ईमेल त्यात लिहिला जाणार नाही अशी सोय केली, वेळ आणि आयपी एवढंच.

माझ्याकडे डीएससीचं टोकन आहे, ई-टेंडर भरतो. ती चावी तुमच्याकडे टाकू का?

नको. डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, सरकारमान्य सर्टिफायिंग अथॉरिटीकडून आलेली असते, तिला आयटी कायद्याप्रमाणे सहीची किंमत आहे. पीजीपीच्या सहीला ती नाही, आणि आम्ही कोणाला सर्टिफाय करत नाही. ‘या ईमेलच्या माणसाने लिंक दाबली’ एवढंच आम्हाला माहीत. बांधकामाचं टेंडर त्यावर भरू नका.

पॉलिटेक्निकच्या पोरांना घेऊन चाव्यांचा कार्यक्रम करायचाय.

करा, मजा येते. पण पहिल्या वर्षाची पोरं १६-१७ वर्षांची असतात आणि डीपीडीपीत १८ खालचा म्हणजे मूल, पालकांची तपासता येईल अशी संमती लागते. तेव्हा चाव्या बनवा, फिंगरप्रिंट चिठ्ठीवर लिहून एकमेकांना द्या, डिरेक्टरीत चढवू नका.

नोटीस आली तर कोणाच्या नावाने येणार?

ज्याच्या कार्डावरून व्हीपीएसचं बिल जातं आणि ज्याच्या नावावर डोमेन आहे त्याच्या. आमच्यात तो बिचारा एकच आहे, त्याचे वडील अजून विचारतात ‘ह्यां काय असता रे’. संस्था रजिस्टर करायचं ठरलं होतं, सोसायटीचा १८६० चा कायदा, मग महाराष्ट्राचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दरवर्षी हिशोब, हे ऐकून तिघे गळाले. तोपर्यंत आपसात लेखी केलंय की खर्च आला तर सहा भाग. कायद्याने त्याची किंमत कमी असेल, मैत्रीत आहे.

आता नेमकं कसं चालवता?

हॅग्रिड नावाचं सॉफ्टवेअर, २०१९ मध्ये याच सगळ्या वैतागातून निघालेलं. चावी चढवली की तिच्यावरच्या प्रत्येक ईमेलला एक लिंक जाते, ती दाबेपर्यंत नाव-ईमेल कोणाला दिसत नाही. इतरांच्या सह्या नाहीत, फोटो नाहीत, नाव टाकून शोधता येत नाही, पूर्ण ईमेल, फिंगरप्रिंट किंवा चावीचा लांब आयडी लागतो. दुसऱ्या सर्व्हरशी गजाली बंद. संमती मागे घेतली की नाव-ईमेल उडतं आणि मागे फक्त बिननावाची चावी राहते, तिच्यावर ‘रद्द’ शिक्का असेल तर तो पोचावा म्हणून. पूर्ण पुसली तर कोणी चोरलेली चावी बिनबोभाट वापरत बसेल. ग्नूपीजी अशी बिननावाची चावी नव्याने घेत नाही ही आमची जुनी तक्रार आहे, असो.

जुने लोक म्हणतात तुम्ही एका ठिकाणी सत्ता गोळा केलीत. खरं आहे. आम्ही उद्या बंद पडलो तर आमच्यावरच्या चाव्या बंद, आणि पावसाळ्यात आम्ही बंद पडतोच.

मला एवढं सगळं नकोय, माझा होमस्टे आहे, स्वतःचं डोमेन आहे.

मग डब्ल्यूकेडी (वेब की डिरेक्टरी) लावा. स्वतःच्याच वेबसाइटवर एका ठरलेल्या फोल्डरमध्ये स्वतःची चावी ठेवायची, समोरच्याचं मेल सॉफ्टवेअर ती आपोआप शोधतं. माहिती तुमची, साइट तुमची, काढायची तर फाइल उडवा. कामगारांच्या चाव्या ठेवणार असाल तर त्यांना विचारा आणि नोकरी सोडली की काढा.

माझी चावी तुमच्याकडे आहे, काढायचीय.

साइटवर ईमेल टाका, लिंक येईल, दाबा, झालं. तो ईमेल आता चालत नसेल तर त्याच चावीने सही करून मेल पाठवा. दोन्ही गेलं असेल तर तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर साध्या शब्दांत लिहा, आधारची कॉपी पाठवू नका, आम्हाला ती ठेवायची नाही. आपण फोनवर बोलू आणि ठरवू. जुन्या सर्व्हरांवर ती अजून फिरत असेल तर कुठे कुठे दिसते त्याची यादी आम्ही काढून देतो आणि तिथल्या लोकांना लिहायचा मेल पण तयार आहे, त्या ताईंच्या वेळी लिहिला होता तोच.